सीएमसी, ग्वार, चायना ग्रास, झँथन... नक्की काय कशात घालायचं?

केळफूल · ११ मे, रात्री १०.०५

मंडळी, आधी फजिती सांगते, मग प्रश्न विचारते.

यंदाची आंब्याची शेवटची पेटी एकदम पिकली. आमरस करून झाला, शेजारी वाटून झाले, तरी सात-आठ आंबे उरले. म्हणून आइस्क्रीमचा घाट घातला. आईची जुनी पद्धत आहे. एक लिटर दूध, साखर, थोडं कॉर्नफ्लोर, पोह्याच्या चमच्याने एक मोठा चमचा जीएमएस आणि पाव चमचा सीएमसी. अर्धवट गोठलं की फेटायचं, साय आणि आंबा घालायचा, परत फ्रीजरमध्ये. दोन्ही पावडरी क्रॉफर्ड मार्केटमधून सुट्ट्या आणल्या होत्या. पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, पण साडेसहाच्या दादर लोकलमध्ये माणूस चिकटून राहतो, चिठ्ठी कुठली राहायला! घरी आले तर दोन पांढऱ्या पुड्या आणि पर्समध्ये एक चोळामोळा झालेला कागद.

मी अंदाजाने घातलं. अंदाज उलटा निघाला.

दुधात आधी डोळ्यांसारख्या पारदर्शक गुठळ्या झाल्या. फेटून मोडल्या तर पाच मिनिटांत पातेल्यात खळ तयार. पळी उभी राहत होती. तरी आंब्याचा जीव म्हणून गोठवलंच. सकाळी चमचा घातला तर चमच्याबरोबर तार निघाली, आणि जिभेवर ते सगळं बुळबुळीत. सासूबाई गिरगावात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "ही खळ नाक्यावरच्या मंडळाच्या पोरांना दे, पोस्टरं चिकटवतील."

आता प्रश्न. विकतच्या आइस्क्रीमच्या डब्यावर ४१०, ४१२, ४०७, ४६६, ४७१ असे, आत घातलेल्या पदार्थांचे सांकेतिक आकडे असतात. सॉसवर ४१५ आणि १४२२. जॅमवर ४४०. ही सगळी घट्ट करायचीच कामं करतात ना? मग एकच का पुरत नाही? आणि घरी करणाऱ्याने यातलं काय ठेवावं?

माटुंगा_रोड · ११ मे, रात्री १०.५०

केळफूलताई, तुम्ही दहाएक ग्रॅम सीएमसी घातलंत. एक लिटरला साधारण एक टक्का. कारखान्यात आइस्क्रीमला ०.१५ ते ०.२५ टक्के पुरतं. खळ होणारच होती.

माझं शिक्षण यूडीसीटीतलं, म्हणजे माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजातलं, नोकरी सगळी खाद्यपदार्थांत, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, जीएमएस घट्ट करणारं नाहीच. ते मेणासारखं स्निग्ध द्रव्य आहे, डब्यावरचं ४७१ ते हेच. त्याचं काम दुधातली चरबी आणि हवा यांचं जमवून देणं. फेटल्यावर आइस्क्रीम फुलतं आणि फुललेलं टिकतं ते त्यामुळे. सीएमसी म्हणजे ४६६, लाकडाच्या लगद्यातल्या किंवा कापसाच्या तंतूतल्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून ते पाण्यात विरघळणारं केलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं. फ्रीजचं दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं, तापमान वरखाली होतं, बर्फाचे बारीक कण वितळून पुन्हा मोठे होऊन गोठतात आणि तोंडात कचकच लागते. ही वाढ सीएमसी, ग्वार वगैरे मंडळी मंदावतात.

पुड्या ओळखायच्या असतील तर कपभर गार पाण्यात चिमूट टाका. तरंगत राहिलं, बोटाला मेणचट लागलं तर जीएमएस. बाहेरून पारदर्शक, आतून कोरड्या अशा गोळ्या झाल्या तर सीएमसी.

दुसरी गोष्ट, "घट्ट" हा शब्द इथे फार ढोबळ आहे. आपल्या आज्या असं बोलत नव्हत्या. घावनाचं पीठ सरसरीत, आमटी पळीवाढी, पिठलं दाट, वडी थापता येईल अशी, खरवस थरथरता. हे पाच वेगळे गुण आहेत आणि या पावडरींतलं प्रत्येक त्यातला एखादाच नीट देतं. म्हणून डब्यावर चार आकडे. बाकी उद्या, डोळे मिटतायत.

पंत_ठाकूरद्वार · ११ मे, रात्री ११.२०

आमच्या वेळी दूध आटवायचे. लाकडी पॉट, बर्फ, खडेमीठ, आणि हँडल फिरवायला चाळीतली पोरं. ह्या केमिकलांची गरजच काय? लाकडाचा लगदा खायचा म्हणे!

उपासाचा_साबुदाणा · ११ मे, रात्री ११.३१

पंतकाका, साबुदाणा म्हणजे तरी काय, कंदातला स्टार्चच की. माझ्या नावाला लागतंय ते.

बाकी पॉटमधलं आइस्क्रीम तिथल्या तिथे संपत होतं. आठवडाभर टिकायची वेळच यायची नाही.

लालबागची_वाटपवाली · १२ मे, सकाळी ८.१०

कालपासून वाचतेय. आमच्याकडे घट्टपणा एकाच गोष्टीचा, ओल्या खोबऱ्याचं वाटप. कालवण पातळ झालं तर आणखी वाटप. पण सोलकढीचं काय? तासभर ठेवली की खाली गुलाबी पाणी, वर दाट थर. पाकिटातलं नारळाचं दूध मात्र तसंच्या तसं राहतं. त्यात काय घालतात?

माटुंगा_रोड · १२ मे, सकाळी ९.४०

पाकिटावर बघा, बहुतेक ४१२ (ग्वार), ४१५ (झँथन) किंवा ४६६ (सीएमसी) यांपैकी काहीतरी असेल. नारळाच्या दुधातली चरबी हलकी, वर येणारच. गम घातला की भोवतालचं पाणी दाट होतं आणि थेंबांना वर यायला वेळ लागतो. त्यात कोकमाचा आंबटपणा प्रथिनांना एकत्र आणतो. घरच्या सोलकढीवर उपाय एकच, ढवळा आणि प्या.

पंत, केमिकल हा शब्द बाजूला ठेवून कढी घ्या. ताक नुसतं उकळलं तर फुटतं. बेसन लावलं की फुटत नाही. आंबट दुधातली प्रथिनं तापली की एकमेकांना धरून गोळा होतात, बेसनाचा स्टार्च मध्ये येऊन त्यांना वेगळं ठेवतो. तुमच्या आईने कढीत जे केलं, त्याच कामाला कारखान्याच्या भाषेत स्टॅबिलायझर म्हणतात. पाकीटबंद ताकांपैकी काहींत बेसनाच्या जागी फळांतून काढलेलं पेक्टिन, म्हणजे ४४० असतं. काम तेच, फक्त गार आणि बिनवासाचं.

आता काल अर्धवट राहिलेलं.

ग्वार गम, ४१२. आपल्या गवारीचंच बी. जगातली बहुतेक गवार भारतात होते आणि त्यातली सर्वांत जास्त राजस्थानात. गार पाण्यात फुगतं, स्वस्त आहे, पण थोडं जास्त झालं की गवारीचा हिरवट वास आणि बुळबुळीतपणा.

४१० म्हणजे कॅरोब या भूमध्य समुद्राकडच्या झाडाचं बी. ग्वारचं भावंड म्हणा. दोन्हींत मॅनोज साखरेची लांब साखळी आणि तिला गॅलॅक्टोजच्या फांद्या. ग्वारमध्ये सरासरी दर दुसऱ्या कडीला फांदी, कॅरोबमध्ये दर चौथ्या. एवढ्याच फरकाने स्वभाव बदलतो. कॅरोबच्या साखळीत मोकळे पट्टे राहतात, म्हणून ते गार पाण्यात नीट विरघळत नाही, तापवावं लागतं. पण त्याच मोकळ्या पट्ट्यांवर झँथन येऊन बसतं आणि दोघांचं मिळून लवचीक जेल तयार होतं. एकटं झँथन कितीही घाला, जेल होत नाही.

४०७, कॅराजीनन, लाल समुद्री शेवाळातून काढतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मंडपमच्या बाजूला त्यासाठी शेवाळाची शेती होते. त्याचं दुधाशी विशेष सख्य आहे. ग्वार किंवा सीएमसी दुधात एकटं टाकलं तर थोड्या वेळाने दुधातली प्रथिनं एकीकडे आणि निवळ पाणी दुसरीकडे व्हायला लागतं. कणभर, अगदी ०.०१ ते ०.०२ टक्के कॅराजीनन ते थांबवतं. म्हणून ४१०, ४१२, ४०७ हे त्रिकूट आइस्क्रीमवर एकत्र दिसतं.

हिऱ्यांचा_हिशोब · १२ मे, सकाळी ११.०२

अवांतर: बीकेसीतल्या हिरेबाजारात आम्ही रोज ज्या कॅरेटमध्ये बोलतो तो शब्द ह्याच कॅरोबच्या बियांवरून आला. पूर्वी वजनाला त्या बिया वापरत. आइस्क्रीममध्येपण तीच हे माहीत नव्हतं.

मशीद_बंदर_माजी · १२ मे, दुपारी १.१५

गवारीचा विषय निघाला म्हणून. मी बरीच वर्षं कमोडिटीच्या दलालीत होतो. २०११-१२ साली गवारीने जो धुमाकूळ घातला तो विसरणं शक्य नाही. अमेरिकेत खडक फोडून तेल आणि वायू काढायचं पेव फुटलं होतं. जमिनीत सोडायच्या पाण्यात वाळू तरंगती राहावी म्हणून ते पाणी दाट करायचं, आणि त्याला ग्वार गम. म्हणजे आइस्क्रीमवाला आणि तेलविहीरवाला एकाच मालावर बोली लावायला लागले. भाव असे चढले की मार्च २०१२ मध्ये गवारीचे वायदेच (पुढच्या तारखेचे सौदे) बंद करावे लागले, ते २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या दिवसांत ऑफिसातला पंख्याखालचा शिपाईसुद्धा जोधपूरचा भाव विचारायचा. मी स्वतः त्यात काय कमावलं ते विचारू नका. बायको हा धागा वाचते.

केळफूल · १२ मे, दुपारी २.३०

😂 भाजीवाल्याकडची गवार आता आदराने निवडीन.

चाचणी केली. उरलेल्या पुडीतली चिमूट पाण्यात तरंगतेय आणि मेणासारखी लागतेय. म्हणजे काल वापरलं ते सीएमसीच, गुन्हा सिद्ध.

वांद्रे_बेकर · १२ मे, दुपारी ४.४५

मला चायना ग्रास आणि जिलेटिनचं कोणी सांगा. मागच्या महिन्यात वाढदिवसाच्या ऑर्डरला अननसाची जेली केली. ताजा अननस, जिलेटिन, रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी सरबत. पुन्हा दुप्पट जिलेटिन घातलं, पुन्हा सरबत. गिऱ्हाइकाला शेवटी चॉकलेट मूस दिलं आणि पैसे कमी घेतले.

माटुंगा_रोड · १२ मे, सायंकाळी ६.२०

दुप्पट काय, दहापट घातलं असतंत तरी सरबतच. जिलेटिन हे प्रथिन आहे, जनावरांच्या कातडी-हाडांतलं. ताज्या अननसातलं एन्झाइम प्रथिनं तोडतं. कच्ची पपई आणि किवीचंही तसंच. अननस उकळून घेतला असता किंवा डब्यातला वापरला असता तर जेली लागली असती, कारण उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं. चायना ग्रास म्हणजे आगर, ४०६, ते शेवाळातलं कर्बोदक. त्याला अननस काही करू शकत नाही. फक्त आंबट रसाबरोबर फार वेळ उकळू नका, कमजोर होतं. आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग रस मिसळा.

दुसरा फरक उष्णतेचा. जिलेटिनची जेली तिशीच्या आसपास अंशांवर पाघळायला लागते, म्हणून तोंडात विरघळते. आगर ३५-४० अंशांना लागतं, पण एकदा लागलं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. मे महिन्यातल्या वांद्र्यात बाल्कनीतल्या टेबलावर कुठलं टिकेल ते उघड आहे.

एक जुनी गोष्ट आहे. १८८१ च्या सुमारास जर्मनीत जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणारे वॉल्टर हेस जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते पाघळायचं, शिवाय काही जिवाणू ते खाऊनच टाकायचे. त्यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेली-पुडिंगला आगर वापरायच्या, जाव्यात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून शिकलेल्या. त्यांनी सुचवलं, हे वापरून बघा. आज मुंबईतल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये जिवाणू ज्या बशीत वाढवतात, त्या बशीत त्या बाईंच्या पुडिंगमधलं आगर असतं.

उपासाचा_साबुदाणा · १२ मे, सायंकाळी ७.०५

म्हणजे शाकाहारी लोकांना चायना ग्रास चालेल, जिलेटिन नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायचा, बरोबर?

वांद्रे_बेकर · १२ मे, सायंकाळी ७.२०

हो. आणि मार्शमेलो, गमी घेताना जास्त नीट बघ. मी आता जैन ऑर्डरना आगरच वापरते. पण खरं सांगू? मूसमध्ये आगर मला नाही आवडत. सुरी लावल्यासारखं तुटतं, वितळत नाही. पानावर ठेवलेल्या बर्फीसारखं. १० ग्रॅमच्या पाकिटात लिटरभर दूध लागतं, पण मी सातच ग्रॅम घालते.

पंत_ठाकूरद्वार · १२ मे, रात्री ९.००

बर्फीवरून आठवलं. हल्ली दुकानात मिळणारा खरवस खरवस नसतोच. चिकाचा वास नाही, नुसता वेलदोडा. चायना ग्रास घालतात असं ऐकून आहे. ओळखायचं कसं? आता मीच विचारतोय म्हणून हसू नका.

माटुंगा_रोड · १२ मे, रात्री ९.३५

पंत, हसत नाही, प्रश्न उत्तम आहे. चिकातली प्रथिनं वाफेने एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाहीत, अंड्याचा बलक जसा उकडल्यावर परत पातळ होत नाही तसं. तुकडा उकळत्या पाण्यात टाकून पाच-सात मिनिटं ठेवा. चायना ग्रासवाला असेल तर विरघळून पाणी दुधट होईल. खरा असेल तर तुकडा तुकडाच राहील. मात्र घट्ट केलेलं दूध आणि दही एकत्र वाफवून केलेला नकली खरवस या परीक्षेत पास होईल. तो पकडायला तुमची जीभच लागेल.

पनीर आणि खव्यात कोणी स्टार्च भरला असेल तर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पुरतं. गार केलेल्या तुकड्यावर थेंब टाका, निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. पण ग्वार किंवा सीएमसी घातलेलं असेल तर निळं होणार नाही, म्हणजे रंग आला नाही म्हणून माल शुद्ध असं समजू नका.

खटपट्या_डोंबिवली · १३ मे, सकाळी ७.५०

पेक्टिनवर कोणी बोलेना म्हणून मी. डोंबिवली मुंबईत मोडत नाही असं म्हणणाऱ्यांनी पुढचा प्रतिसाद वगळावा.

मी दर हिवाळ्यात पेरूची जेली करतो. विकतचं पेक्टिन कधीच घालत नाही, पेरूत ते भरपूर असतं, विशेषतः अर्धकच्च्या फळात आणि बियांभोवती. फोडी उकडून रात्रभर फडक्यात टांगायच्या, पिळायच्या नाहीत, पिळलं की जेली गढूळ. रस गॅसवर ठेवला की साखर, लिंबू आणि मग थर्मामीटर. १०४-१०५ अंशांना पळी उचलली तर शेवटचे दोन थेंब एकमेकांना धरून पडद्यासारखे खाली येतात. तीच वेळ. दोन मिनिटं जास्त झाली की टॉफी.

यातलं शास्त्र असं की साधं पेक्टिन साखर साठ टक्क्यांच्या वर आणि आंबटपणा पुरेसा असला तरच जेल करतं. साखर पाणी ओढून घेते, आम्ल पेक्टिनच्या साखळ्यांमधला दुरावा घालवतं. मधुमेह झाल्यावर माझ्या भावाला कमी साखरेची जेली हवी होती, अर्ध्या साखरेत केली, तर सिरप झालं. कमी साखरेला वेगळ्या जातीचं पेक्टिन लागतं, ते साखरेऐवजी कॅल्शियमवर जेल होतं. ते मात्र विकत आणावं लागलं.

लालबागची_वाटपवाली · १३ मे, सकाळी ८.४०

डोंबिवली मुंबईतच आहे हो, लोकलमध्ये तुमचीच माणसं आधी जागा धरून बसलेली असतात.

मग झँथन कशाला? माझा भाचा परळला सँडविचची गाडी लावतो. हिरव्या चटणीला दुपारपर्यंत पाणी सुटतं आणि पाव ओला होतो. कोणीतरी त्याला झँथन घाल म्हणालं.

माटुंगा_रोड · १३ मे, सकाळी १०.१५

झँथन, ४१५, हे जिवाणूकडून करून घेतात. शेतकरी ज्याला कोबीवरचा घाण्या रोग म्हणतात तो पाडणारा जिवाणू टाकीत साखरेच्या पाण्यात वाढवतात, तो स्वतःभोवती जो चिकट पदार्थ तयार करतो तो वेगळा काढून वाळवतात. अमेरिकन कृषी खात्याच्या पिओरियातल्या प्रयोगशाळेत हे शोधलं गेलं आणि १९६९ साली तिथे खाण्यात वापरायला परवानगी मिळाली.

त्याची खुबी अशी की स्थिर असताना दाट, हलवलं की पातळ, थांबवलं की परत दाट. बाटली उलटी केली तरी सॉस येत नाही, झटका दिला की येतो, आणि ताटात पडला की पसरत नाही. मीठ, आंबटपणा, गारठा, उकळी, कशानेही फारसं बिघडत नाही. कॉर्नफ्लोर इथे हरतं. मंच्युरियनमध्ये व्हिनेगर घालून फार वेळ उकळलं की पातळ होतं, आणि फ्रीजमधून काढलं की पाणी सोडतं. सॉसवर दिसणारं १४२२ हा मक्याचा वगैरे स्टार्चच, पण प्रक्रिया करून आम्ल आणि गारठा सोसेल असा केलेला.

भाच्याला सांगा, चटणीत डाळ्याची पूड किंवा पावाचा तुकडा वाटून घाल. मुंबईतले सँडविचवाले वर्षानुवर्षं तेच करतात, चवही येते. तरी पाणी सुटत असेल तरच झँथन, आणि किलोला दोन ग्रॅमच्या वर नको. कोरडी पावडर थोड्या तेलात कालवून चालत्या मिक्सरमध्ये सोडायची, नाहीतर केळफूलताईंसारख्या डोळ्यांच्या गुठळ्या.

पंत_ठाकूरद्वार · १३ मे, सकाळी ११.००

हे सगळं ठीक. पण रोज पोटात जाऊन काही होतं की नाही ते कोणी बोलत नाही.

माटुंगा_रोड · १३ मे, दुपारी १२.१०

बोलतो. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संस्था) आणि डब्ल्यूएचओच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ग्वार, झँथन, आगर, कॅरोब यांच्यासाठी रोजची आकड्यातली मर्यादा घालायची गरज मानलेली नाही. बहुतेक तंतुमयच आहेत, फार खाल्ले तर वात आणि ढाळ. कॅराजीननबद्दल वाद आहे. त्याचे तुकडे केलेला एक प्रकार प्राण्यांना अपायकारक ठरला, तो खाण्यात वापरत नाहीत. तरी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली कॅराजीननला तात्पुरती मर्यादा दिली, शरीराच्या दर किलोला ७५ मिलिग्रॅम. सीएमसीवर २०१५ साली उंदरांवरचा एक गाजलेला अभ्यास आला, आतड्यातला दाह वाढल्याचा. नंतर माणसांवर एक छोटा प्रयोग झाला, त्यात रोज १५ ग्रॅम सीएमसी दिलं आणि काहींच्या आतड्यातल्या जिवाणूंचं गणित बदललेलं दिसलं. शंभर ग्रॅम आइस्क्रीममध्ये ते पाव ग्रॅमही नसतं. म्हणजे दिवसाला साठ वाट्यांच्या वर. केळफूलताईंची ती एक बॅच सोडून.

माझं मत विचाराल तर, आइस्क्रीममधल्या साखरेची आणि तुपाची काळजी आधी करा.

आणि लहान मुलांना द्यायच्या त्या चिमुकल्या कपातल्या जेल्या मी नातवाला देत नाही. त्या आगर-कॅराजीननच्या असतात, तोंडात वितळत नाहीत, चोखून ओढल्या की घशात अडकतात. युरोपीय संघाने तसे कप २००४ साली बंद केले ते विषारी म्हणून नव्हे, गुदमरण्यापायी.

मुलुंड_लोकल · १३ मे, रात्री १०.४०

धागा दोन दिवस वाचतोय. माझा प्रश्न स्वयंपाकाचा नाही, चालेल का?

बाबांना मार्चमध्ये पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय सुधारतायत, पण पाणी प्यायले की ठसका लागतो. एकदा छातीत गेलं आणि न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी पाणी घट्ट करून द्यायला सांगितलं, पण कसं ते धड कोणी दाखवलं नाही. मी कॉर्नफ्लोर शिजवून पाण्यात मिसळतो. सुरुवातीला बरं असतं, अर्धा ग्लास होईपर्यंत परत पातळ होतं आणि ठसका लागतो. माझं काही चुकतंय का?

गिळणं_बोलणं · १३ मे, रात्री ११.२५

मी स्पीच थेरपिस्ट आहे, असे रुग्ण रोज बघते. दादा, चूक तुमची नाही, स्टार्चची आहे. आपल्या लाळेत स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. बाबा त्याच चमच्याने परत परत घेतात, लाळ ग्लासात जाते आणि पाणी तिथेच पातळ होतं. झँथनवर लाळेचा परिणाम होत नाही. म्हणून गिळण्याच्या त्रासासाठी मिळणाऱ्या पावडरींत आता झँथनवाल्या बऱ्याच आहेत. तीच घ्या, बेकरीच्या दुकानातलं सुटं झँथन नको. त्या पावडरीसोबत मोजमाप येतं आणि गुठळ्या होत नाहीत.

घातल्यावर थांबा. पाण्यात दाट व्हायला एखाद-दोन मिनिटं लागतात, दुधा-चहात त्याहून जास्त. "झालं नाही" म्हणून लोक आणखी घालतात आणि पाच मिनिटांनी तो लगदा होतो.

मोजायला १० मिलीची सिरिंज घ्या, सुई नको. शून्यापासून दहापर्यंतच्या खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर असलेली बघा, सगळ्या सारख्या नसतात. टोकावर बोट धरून दहापर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंदांनी परत लावा. १ ते ४ मिली उरलं तर घट्टपणाची पातळी एक, ४ ते ८ उरलं तर दोन, ८ च्या वर उरलं तर तीन. तुमच्या बाबांना कुठली पातळी ते मात्र त्यांना तपासणाऱ्या थेरपिस्टनेच ठरवायचं, इथे विचारून नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत या तपासणीची सोय असते, चौकशी करा.

आणि वरची चर्चा वाचून जेली किंवा आइस्क्रीम देऊ नका. जिलेटिन आणि आइस्क्रीम तोंडाच्या उबेने पातळ होतात, म्हणजे शेवटी पाणीच. आगरचे तुकडे तर नकोच नको. घरात तान्हं बाळ असेल तर ही पावडर त्याच्या दुधात कधी घालू नका. २०११ साली अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) झँथनवाल्या पावडरीबाबत अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी इशारा दिला होता.

केळफूल · १४ मे, सकाळी ९.१५

मुलुंडकर, बाबांना बरं वाटो. मी खळीचं रडगाणं गाऊन धागा काढला आणि तो कुठे पोचला बघा. कळवत राहा.

माझं आइस्क्रीम परत केलं. एक लिटरला दोन ग्रॅम सीएमसी, पंचवीस ग्रॅम साखरेत कोरडंच मिसळून, छोट्या काट्यावर मोजून. जीएमएस गरम दुधात. काल रात्री चमचा घातला तर सुरेख वळला, तार नाही, कचकच नाही. सासूबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि पोस्टरांचा विषय काढला नाही.

लालबागची_वाटपवाली · १४ मे, सकाळी ९.४०

+१. मुलुंडदादा, सगळ्यांची नजर तुमच्याकडे आहे.

मुलुंड_लोकल · १९ मे, रात्री ८.५०

उशीर झाला, माफ करा. शुक्रवारी तपासणी झाली. पातळी दोन सांगितली. पावडर आणली.

पाण्याचं जमलं, ठसका जवळजवळ बंद आहे. अडलं ते चहाशी. बाबांना दोन महिन्यांत चहा मिळाला नव्हता. पहिल्या दिवशी मी घाई केली, दोनदा पावडर घातली. त्यांनी चमचा तोंडात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू एकेक शब्द जोडत म्हणाले, "हा चहा नाही. चहाची कढी."

आज चहा गाळून जरा निवू दिला, एकदाच घातली, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो. सिरिंजमध्ये सहा मिली उरला. चमच्याचमच्याने पाऊण कप घेतला त्यांनी. मग म्हणाले, साखर कमी आहे.